एक डॉलर रोजाची गाडी: मेलबर्न ते ॲडलेड, समुद्राकाठाने

ऑस्ट्रेलियात दिवसाला एक डॉलर भाड्याने कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, मिळते हे पहिल्यांदा ऐकलं की यात कुठेतरी पाणी मुरतंय असंच वाटतं. तसं काही नाही. पर्यटक एका शहरात गाडी घेतात, दुसऱ्या शहरात सोडतात आणि विमानाने घरी जातात. गाड्या एका टोकाला साचतात आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक ताटकळतात. गाडी ट्रेलरवर चढवून पाठवायची किंवा पगारी ड्रायव्हर धाडायचा म्हणजे कंपनीला चांगलाच खर्च. त्यापेक्षा कुणी हौसेने चालवत नेत असेल तर तिला तेच परवडतं. यालाच रीलोकेशन म्हणतात. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे नियम फारसे समजावून सांगावे लागत नाहीत. इथे तुम्ही गिऱ्हाईक कमी आणि गाडी पोचवणारे जास्त. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या डेपोत गाडी उभी असणं ही कंपनीची गरज, आणि भाडं त्या गरजेपोटी माफ झालेलं.

या सोयीची खरी परीक्षा मेलबर्न ते ॲडलेड या मार्गावर होते, कारण थेट महामार्गाने हे अंतर सुमारे ७३० किलोमीटर आहे आणि ग्रेट ओशन रोड, रोब, कूरोंग असं समुद्राकाठाने गेलं तर साधारण १,०५०. कंपनी हिशेब पहिल्या आकड्याच्या आसपास मांडते, तुम्हाला हवा असतो दुसरा. सौदा चांगला की वाईट हे या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत ठरतं. माझं मत आधीच सांगते: तीन दिवस मिळत असतील आणि चौथा विकत घेता येत असेल तर डोळे झाकून घ्या. दोनच दिवस असतील तर समुद्राचा नाद सोडा.

गाड्या शोधायला इमूवा आणि ट्रान्सफरकार ही दोन संकेतस्थळं नेहमीची. शिवाय कॅम्पर भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर रीलोकेशनचं वेगळं पान असतं. जाहिराती सहसा प्रवासाच्या एक ते चार आठवडे आधी येतात, म्हणून सहा महिने आधी बसून आखणी करणाऱ्याला इथे काही हाती लागत नाही. मार्ग निवडून ईमेल अलर्ट लावून ठेवा आणि तारखा आठवडाभर मागेपुढे करायची तयारी ठेवा. मेलबर्न–ॲडलेडच्या गाड्या वर्षभर दोन्ही दिशांनी निघत असतात. लांबचे मार्ग मात्र ऋतूप्रमाणे चालतात. दक्षिणेत थंडी पडायला लागली की पर्यटक केर्न्स आणि डार्विनकडे वळतात, त्यामुळे एप्रिल ते जून उत्तरेकडे गाड्या हव्या असतात आणि सप्टेंबरनंतर त्याच परत खाली आणायच्या असतात. टास्मानियाची जाहिरात दिसली तर बोटीचं भाडं कोण देणार हे आधी पाहा. ते कंपनी देत असेल तर तो सौदा सोन्यासारखा. ती बोट ऑक्टोबर २०२२ पासून मेलबर्नहून नव्हे, जिलाँगहून सुटते.

जाहिरात उघडली की भाड्याच्या आकड्याकडे बघूच नका, तो सगळीकडे सारखाच असतो. बघायच्या त्या पाच गोष्टी: किती दिवस दिलेत, जादा दिवस काय दराने मिळतो, किलोमीटरची मर्यादा किती, इंधनाचे पैसे मिळतात का, आणि गाडी परत घेणारा डेपो कोणत्या वारी किती वाजता बंद होतो. शेवटची गोष्ट बहुतेक जण वाचत नाहीत आणि तिथेच घोडं अडतं. बरेच डेपो दुपारी तीन-चारला कुलूप लावतात, काही रविवारी उघडतच नाहीत. उशीर झाला तर एक डॉलरचा दर संपतो आणि पूर्ण दिवसाचं नेहमीचं भाडं लागतं, वर दंड.

'बुक' चं बटण दाबलं म्हणजे गाडी मिळाली असं नाही. ती फक्त विनंती असते. थोडी रक्कम भरून घेतात, लायसन्स आणि वय तपासतात (किमान वय बहुतेक ठिकाणी २१, काही गाड्यांना २५) आणि मग कंपनी होकार कळवते, कधी काही तासांत, कधी दोन दिवसांनी. होकाराचा ईमेल हातात येईपर्यंत मेलबर्नचं विमान किंवा ॲडलेडहून परतीचं तिकीट काढू नका. कंपनीची गरज बदलली तर तीही सौदा रद्द करू शकते. अशा वेळी तुमची भरलेली रक्कम परत येते, विमानाचे पैसे येत नाहीत.

आता दिवस. 'तीन दिवस' याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा. काही ठिकाणी २४ तासांचा एक दिवस धरतात. बऱ्याच ठिकाणी मात्र कॅलेंडरचा दिवस मोजतात, म्हणजे सोमवारी दुपारी दोनला गाडी घेतली तरी सोमवार संपला. बुधवारी तीनपर्यंत ती परत द्यायची, म्हणजे हातात राहिले जेमतेम ४९ तास. त्यातला पहिला दीड तास कागदपत्रांत आणि गाडी समजून घेण्यात जातो. म्हणून पिकअपची वेळ डेपो उघडतानाचीच मागा.

या तीन दिवसांत समुद्राकाठचा मार्ग बसवायचा तर पहिली रात्र अपोलो बे, दुसरी माउंट गॅम्बियर, आणि तिसऱ्या दिवशी रोब आणि कूरोंग करत ॲडलेड. पहिला दिवस छान जातो. दुसरा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि रस्त्यातलं सगळ्यात सुंदर ते त्याच दिवशी येतं. तिसऱ्या दिवशी साडेचारशेच्या वर गाडी हाकायची आणि तीनच्या आत पोचायचं, म्हणजे सकाळी साडेसहाला निघा आणि रोबमध्ये कॉफी पिऊन पुढे चला. चौथा दिवस विकत घेतला तर दुसरी रात्र पोर्ट फेअरीला आणि तिसरी रोबला काढता येते, आणि मग कुठेही घाई उरत नाही. जादा दिवसाचा दर नेहमीच्या भाड्यापेक्षा कमी असतो. या सगळ्या प्रवासात पैसे घालण्यासारखी सर्वांत चांगली जागा हीच. मात्र तो दिवस बुकिंग करतानाच मागायचा. गाडी घेतल्यावर फोन करून मागितला तर बहुतेकदा नकार येतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला ती गाडी दिलेली असते.

किलोमीटरचंही असंच. टॉर्कीपर्यंत सुमारे १०५, तिथून ॲलन्सफर्डपर्यंत ग्रेट ओशन रोड २४३, वॉर्नम्बूल करून पोर्ट फेअरीपर्यंत आणखी चाळीसएक, पोर्टलंड ७०, नेल्सनवरून माउंट गॅम्बियर १०५, बीचपोर्टवरून रोब १३०, किंग्स्टन ४५, मेनिंगी १४५, टेलम बेंड ५५ आणि ॲडलेड १००. बेरीज १,०४० च्या जवळ येते, त्यात केप ऑटवेच्या दीपगृहासारखे फाटे आणि चुकलेली वळणं धरून १०० वाढवा. जाहिरातीत मर्यादा १,००० असेल तर १४० जादा किलोमीटरचे पैसे आधीच बाजूला काढा. प्रति किलोमीटर दर करारात लिहिलेला असतो, आणि बहुतेक वेळा ही रक्कम सोसण्यासारखी निघते. मर्यादा ८०० असेल तर मात्र गणित फिसकटतं.

गाडी कोणती, यावर लोक भावनेने निर्णय घेतात. सहा जणांची मोठी मोटरहोम एक डॉलरला मिळतेय म्हटल्यावर दोघंच जण ती घेतात आणि पस्तावतात. ऑस्ट्रेलियात साध्या कारच्या लायसन्सवर साडेचार टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, त्यामुळे कायद्याने तुम्हाला कुणी अडवत नाही. अडवतो तो रस्ता. लॉर्न ते अपोलो बे या पट्ट्यात एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि वळणामागे वळण. सात मीटर लांबीची गाडी तिथे ४० च्या वर नेणं नको वाटतं, आणि लहान पार्किंगमध्ये ती मावत नाही. ऑटवेच्या जंगलात झाडांच्या फांद्या टपाला लागतात, आणि टपाचं नुकसान जवळजवळ कोणत्याच विम्यात बसत नाही. दोघांसाठी उंच टपाची टोयोटा हायएस उत्तम. आत झोपायला जागा, छोटा फ्रिज, एक शेगडी, आणि वळणावर गाडी हातात राहते. साध्या कारचं रीलोकेशनही मिळतं आणि इंधन सगळ्यात कमी तिलाच लागतं, पण कारला सहसा एक-दोन दिवसच देतात. या मार्गाला ते पुरत नाहीत.

मुलं बरोबर असतील तर आधी सीटा मोजा. दोन जणांच्या बहुतेक कॅम्परना मागे सीटच नसते. सात वर्षांखालच्या मुलाला वयाप्रमाणे मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती रीलोकेशनमध्ये आपोआप मिळत नाही. बुकिंगच्या वेळीच विचारा, ती गाडीच्या कोणत्या सीटला बसते हेही विचारा.

खर्चाचा अंदाज असा. हायएससारखी कॅम्पर शंभर किलोमीटरला ११ ते १२ लिटर पिते. १,१५० किलोमीटरला १२ च्या हिशेबाने १३८ लिटर. लिटरला दोन डॉलर धरले तर २७६. कंपनी इंधनापोटी काही रक्कम देत असेल तर ती यातून वजा करा. ती पावत्या दाखवूनच मिळते, म्हणून पंपावरची प्रत्येक पावती जपा. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या आवारात, विजेशिवायची जागा रात्रीला ३५ ते ५० डॉलर, वीज घेतली तर त्याहून जास्त, आणि नाताळ-ईस्टरच्या सुट्टीत तर विचारूच नका. तीन रात्रींचे १३५ धरा. अपघातात तुमच्यावर पडणारा भार कमी करणारं विमा पॅकेज घेतलं तर दिवसाला तीसएक डॉलरप्रमाणे चार दिवसांचे १२०. भाडं तीन दिवसांचे तीन डॉलर, अधिक चौथ्या दिवसाचं जे ठरेल ते. म्हणजे सगळं धरून दोघांना साधारण सहाशे डॉलर, त्यात परतीचं विमान नाही. 'एक डॉलर' चा हा खरा आकडा. तरीही या मार्गावर रोजची हॉटेलं आणि नेहमीच्या भाड्याची गाडी घेऊन याच्या आसपासही येता येत नाही.

विम्याचं पान सावकाश वाचा, कारण बचत बुडते ती इथेच. गाडीचा विमा भाड्यात असतो, पण अपघात झाला तर पहिली मोठी रक्कम तुमच्या खिशातून जाते. तिला एक्सेस म्हणतात, आणि कॅम्परला ती पाच-आठ हजार डॉलरच्या घरात असू शकते. डेपोत रोजचे पैसे भरून ती खाली आणता येते. बाहेरच्या प्रवास-विम्यात भाड्याच्या गाडीचा एक्सेस समाविष्ट असतो असं म्हणतात, पण त्यातल्या बऱ्याच पॉलिसी कॅम्परव्हॅन किंवा ठरावीक वजनावरची गाडी वगळतात. 'कार' एवढाच शब्द असेल तर लेखी विचारून घ्या. कितीही महागडं पॅकेज घेतलं तरी काही गोष्टी बाहेरच राहतात: टप आणि गाडीची खालची बाजू, पाण्यात किंवा वाळूत गेलेली गाडी, डिझेलच्या टाकीत भरलेलं पेट्रोल, बंदी असलेल्या कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान. कॅम्पग्राउंडपर्यंतच्या थोड्या कच्च्या रस्त्याला काही करार सूट देतात, ती किती अंतराची आहे ते पाहून घ्या. रोबच्या लाँग बीचवर लोक साध्या गाड्या सर्रास वाळूवर नेतात, ते पाहून मोह होईल. करार तिथे तुमच्या बाजूने नाही.

डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डच लागेल असं समजून चला, आणि ते मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं. भारतातलं कार्ड वापरत असाल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: रक्कम नुसती अडवून ठेवणार की प्रत्यक्ष कापून घेऊन नंतर परत करणार? कापून घेतली तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा विनिमय दर वेगळा लागतो आणि चलन बदलण्याची बँकेची आकारणीही होते. मोठ्या डिपॉझिटवर हा फरक काही हजार रुपयांचा होऊ शकतो. काही कंपन्या जास्त पैशांचं विमा पॅकेज घेतल्यावर डिपॉझिट बरंच कमी करतात. मग ते पॅकेज आकड्यावरून वाटतं तेवढं महाग उरत नाही. लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात चालवायला अडचण नाही, पण काउंटरवरचा माणूस आंतरराष्ट्रीय परमिट मागू शकतो. आरटीओतून ते फॉर्म ४ए भरून मिळतं आणि वर्षभर चालतं. निघण्यापूर्वी काढून ठेवावं. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्याला तेवढी एक चिंता कमी.

डेपोत चावी मिळाली की लगेच निघण्याची घाई होते. तिथे अर्धा तास जास्त घालवा. रीलोकेशनला दिलेली गाडी बहुधा काही दिवस आवारात उभी असते, कधी सर्व्हिसिंगला किंवा विक्रीला चाललेली असते. त्यामुळे ठरावीक गोष्टी बिघडलेल्या सापडतात. मागच्या कप्प्याची दुसरी बॅटरी उतरलेली असते, म्हणून डेपोतच फ्रिज चालू करा आणि दिवे लावून पाच मिनिटं थांबा. गॅसची नळकांडी उचलून पाहा, हलकी असेल तर बदलून मागा. पाण्याचा पंप चालवा. टायरवरची नक्षी आणि हवा पाहा, जादा टायर आणि जॅक आहे का ते पाहा, काचेवर पाण्याचा फवारा येतो का ते पाहा. पुढच्या सर्व्हिसिंगचा स्टिकर काचेवर असतो. त्यावरचे किलोमीटर तुमच्या प्रवासातच ओलांडले जाणार असतील तर काउंटरवर सांगून लिहून घ्या. इंधन पेट्रोल की डिझेल हे झाकणावर वाचा आणि त्याचा फोटो काढा. मोठ्या डिझेल व्हॅनना ॲडब्लू नावाचा वेगळा द्रव लागतो आणि त्याची टाकी वेगळी असते. तो डिझेलच्या टाकीत गेला तर इंजिनाच्या दुरुस्तीचं बिल तुमचं.

फोटो गाडीच्या चारही बाजूंचे, चारही चाकांचे, पुढच्या काचेचे जवळून, आणि शिडी मिळाली तर टपाचेही. शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत. व्हिडिओ काढणार असाल तर त्यात गाडीचा नंबर दिसू दे. अंथरूण, भांडी, खुर्च्या गृहीत धरू नका. रीलोकेशनमध्ये ते कधी मिळतं, कधी पैसे भरून, कधी मिळतच नाही.

कॅम्परचे डेपो बहुतेक विमानतळाच्या बाजूला आहेत, ते या प्रवासाच्या पथ्यावरच पडतं. तिथून एम-८० रिंग रोड धरून प्रिन्सेस फ्रीवेने जिलाँगला गेलं तर टोल लागतच नाही. शहरात शिरून सिटीलिंकवर गेलात तर टोलनाका कुठे दिसणार नाही, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि काही आठवड्यांनी टोल अधिक कंपनीचा प्रशासकीय आकार कार्डावर पडतो. तो आकार टोलपेक्षा मोठा असतो. नकाशात 'टोल टाळा' हा पर्याय निघण्यापूर्वीच चालू करा. किराणा आणि इंधन जिलाँग किंवा टॉर्कीत भरून घ्या, लॉर्न आणि अपोलो बेमध्ये दोन्ही महाग. गावोगावच्या उद्यानांत विजेच्या सार्वजनिक शेगड्या फुकट असतात, त्यामुळे जेवणाचा खर्च किराण्यातच भागतो.

मेलबर्नहून ॲडलेडकडे जाण्याचा मोठा फायदा टॉर्की सोडल्यावर कळतो. डाव्या बाजूने चालताना समुद्र तुमच्याच अंगाला राहतो. प्रत्येक लूकआउटला नुसतं डावीकडे सरकायचं, समोरची वाहनं ओलांडून उजवीकडे वळायचं नाही. उलट दिशेची गाडी मिळत असेल तर घेऊ नका असं नाही, पण दोन्ही मिळत असतील तर हीच. हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. ईस्टर्न व्ह्यूची कमान त्याचीच. मागे गाड्यांची रांग लागली तर जागोजागी केलेल्या बगलेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या, स्थानिक लोक रोज याच रस्त्याने कामाला जातात. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपायला मनाई आहे आणि पहाटे दारावर टकटक होते. जागा आधी बुक करा.

अपोलो बेच्या पुढे रस्ता समुद्र सोडून जंगलात शिरतो आणि फोनची रेंज जाते, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. मेट्स रेस्टचा ८०० मीटरचा फेरा जुन्या वर्षावनातून जातो आणि फुकट आहे. केप ऑटवेचं १८४८ चं दीपगृह मुख्य रस्त्यापासून १२ किलोमीटर आत, म्हणजे जाऊन-येऊन २४ किलोमीटर. किलोमीटर तंग असतील तर तेच वगळा. ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या उंच खडकांकडे, जायला अपोलो बेहून दीड तास लागतो. मेलबर्नच्या सहलीच्या बसगाड्या दुपारी पोचतात, त्यामुळे सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी जा. नावात बारा असले तरी खडक तेवढे नाहीत, त्यातला एक तर जुलै २००५ मध्ये कोसळला. गर्दी असेल तर तिथे फार रेंगाळू नका. पाच मिनिटांवरची लॉक आर्ड घळ जास्त मोलाची आहे. १८७८ मध्ये तिथे फुटलेल्या जहाजातून दोघंच जण वाचले, आणि खाली वाळूत उतरल्यावर ती घळ किती अरुंद आहे हे कळतं. पीटरबरोच्या पुढचं बे ऑफ आयलंड्स बहुतेक जण गाडीतूनच पाहून जातात. तिथे थांबाच, खडक तसेच आणि माणसं मोजकी.

वॉर्नम्बूलला लोगन्स बीचवर जून ते सप्टेंबर देवमासे किनाऱ्याजवळ येतात. टॉवर हिलच्या विवरात इमू फिरतात. पोर्ट फेअरीला ग्रिफिथ्स बेटाचा फेरा पायी होतो. पोर्टलंडनंतर नेल्सन ओलांडलं की राज्याची सीमा.

सीमेवर दोन गोष्टी. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीच्या भीतीने फळं आणि टोमॅटो, मिरची, वांगी यांसारख्या फळभाज्या आत नेता येत नाहीत. तपासणीत सापडल्या तर जागेवर दंड होतो, आणि फ्रिजमधली अर्धी मिरची विसरलो हे कारण चालत नाही. नेल्सनपर्यंत सगळं शिजवून संपवा, उरलेलं कचरापेटीत टाका आणि नवी खरेदी माउंट गॅम्बियरला करा. दुसरी गोष्ट घड्याळाची: साउथ ऑस्ट्रेलिया व्हिक्टोरियाच्या अर्धा तास मागे. डेपोची वेळ ॲडलेडच्या घड्याळाप्रमाणे असते, म्हणजे या दिशेने तुम्हाला अर्धा तास फुकट मिळतो. ॲडलेडहून मेलबर्नला येणाऱ्यांचा तोच अर्धा तास जातो आणि त्यातूनच उशिराचा दंड लागतो.

माउंट गॅम्बियरचं ब्लू लेक डिसेंबरच्या सुमारास गडद निळं होतं, थंडीत करडं दिसतं. बीचपोर्टची धक्क्याची वाट ७७२ मीटर समुद्रात जाते, संध्याकाळी तिच्यावर चालावं. रोबचं देखणेपण शांत आहे. १८५७ मध्ये व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या खाणींकडे निघालेले हजारो चिनी मजूर इथे उतरले आणि तिकडचा माणशी दहा पौंडांचा कर चुकवायला सीमेपलीकडे पायी चालत गेले.

किंग्स्टनला टाकी भरा. पुढे मेनिंगीपर्यंत १४५ किलोमीटर कूरोंग, एका अंगाला खारं सरोवर, पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे समुद्र. मधल्या पंपावर भिस्त ठेवू नका. रस्ता सरळ, रिकामा आणि म्हणूनच झोप आणणारा. पार्न्का पॉइंटला उतरून पाय मोकळे करा, पेलिकन तिथेच दिसतात. उद्यानात मुक्काम करायचा असेल तर ऑनलाइन बुकिंग आधी करावं लागतं, तिथे पैसे घ्यायला कुणी नसतं. सूर्य मावळल्यावर इथे गाडी चालवू नका. कांगारू संधिप्रकाशात रस्त्यावर येतात, आणि गावाबाहेर अंधारात चालवताना झालेल्या अपघाताला काही करारांत विमाच लागू नाही. दिवस कमी पडले म्हणून रात्री चालवणं ही रीलोकेशनमधली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

उन्हाळ्यात रोज सकाळी व्हिकइमर्जन्सी हे व्हिक्टोरियाचं आपत्तीच्या सूचना देणारं ॲप पाहा. वणवा किंवा दरड आली की ग्रेट ओशन रोड बंद होतो, आणि मग आतल्या महामार्गाने जावं लागतं. असं झालं तर लगेच कंपनीला फोन करा आणि बोलणं ईमेलवर लिहून पाठवा. आधी कळवलेला उशीर बऱ्याचदा माफ होतो.

टेलम बेंडनंतर फ्रीवे. ॲडलेडच्या अलीकडे क्रॅफर्सपासून ग्लेन ऑस्मंडपर्यंत सलग मोठा उतार आहे, भरलेली कॅम्पर तिथे ब्रेकवर नव्हे तर खालच्या गिअरवर उतरवा. ॲडलेडमध्ये टोलचे रस्ते नाहीत, पण शहर ओलांडून विमानतळाच्या बाजूला जायला वाहतुकीत पाऊण तास धरा. टॉयलेटची पेटी आणि सांडपाणी सकाळीच कॅरॅव्हॅन पार्कच्या डंप पॉइंटवर रिकामं करा, डेपोत भरलेली पेटी दिली तर सफाईचा आकार जबर असतो. इंधन करारात लिहिलंय तेवढं भरा, ते डेपोजवळच्या पंपावर, आणि पावती गाडीच्या काट्याशेजारी धरून फोटो काढा.

गाडी देताना कुणीतरी बाहेर येऊन पाहील असा आग्रह धरा. किल्ली पेटीत टाकून जायला सांगितलं तर पुन्हा चारही बाजूंचे फोटो काढा. 'नुकसान नाही' असं लिहिलेला कागद किंवा ईमेल मागून घ्या. डिपॉझिट सुटायला एक ते तीन आठवडे लागतात आणि वेगमर्यादेचे दंड त्यानंतरही येतात, म्हणून ते कार्ड निदान दोन महिने बंद करू नका.